पंडिता रमाबाई आणि साधी मराठी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी थोरामोठ्यांची चरित्रे निवडताना संत, समाजसुधारक, राष्ट्रपुरुष आणि कलावंत यांची नावे आपोआप ओठांवर येतात. या मालिकेत पंडिता रमाबाईंचे नाव मात्र सहसा येत नाही. त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका नाही, त्यांच्या कार्याची थोरवीही कोणी नाकारीत नाही. पण त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि तेव्हापासून मराठी समाजाच्या मनात त्यांच्याविषयी जी अढी बसली ती शंभर वर्षे उलटून गेली तरी पुरती सुटलेली नाही. आम्ही येथे त्या अढीचा निवाडा करावयास बसलेलो नाही. आयुष्यातील बराच काळ महाराष्ट्राबाहेर आणि भारताबाहेर काढलेल्या एका मराठी स्त्रीने आपल्या नव्या श्रद्धेला आणि नव्या जगाला आपल्या साध्या मातृभाषेत जागा करून देण्यासाठी काय सोसले आणि काय साधले, एवढेच सांगण्याचा हा प्रयत्न आहे. परप्रांतांत संसार थाटलेल्या आपणा सर्वांना ही कथा थोडी अधिक जवळची वाटेल, असा आम्हांस विश्वास आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या घनदाट अरण्यात, गंगामूळ येथे झाला. हे स्थान आज कर्नाटक राज्यात मोडते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. पुण्यात शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या घरातील स्त्रीस संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पाहिले आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे, असा त्यांनी निश्चय केला. त्या काळी हा विचार भलताच धाडसाचा होता. घरच्या मंडळींचा आणि गावचा विरोध वाढला, तेव्हा शास्त्रीबोवांनी अरण्यात पर्णकुटी बांधली व पत्नी लक्ष्मीबाईंस तेथे संस्कृत शिकविले. पुढे याच लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या लेकीस पहाटेच्या अंधारात उठवून, मांडीवर घेऊन, श्लोक पाठ करून घेतले. घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वीची ती वेळ हीच रमाबाईंची शाळा होती.

रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंबाने अरण्य सोडले. आल्यागेल्याच्या पाहुणचारात आणि कर्जात घरची पुंजी संपली होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावरून या तान्ह्या मुलीचा प्रवास सुरू झाला. देवळांत आणि नदीच्या घाटांवर पुराण सांगावे, श्रोते जे अर्पण करतील त्यावर गुजराण करावी, आणि पुढल्या तीर्थाची वाट धरावी, असा त्या कुटुंबाचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. भारतभर भ्रमण झाले. या भटकंतीत रमाबाईंना कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा सहज अवगत झाल्या. पण आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट निराळीच आहे. या फिरत्या घरात आईवडील मुलांशी मराठीत बोलत, आणि मिळतील ती मराठी पुस्तके व वर्तमानपत्रे वाचीत. त्यामुळे जन्म कर्नाटकाच्या रानात आणि बालपण अवघ्या देशाच्या वाटांवर जाऊनही या मुलीची मराठी शुद्ध राहिली. रमाबाईंनी स्वतःच पुढे याची कृतज्ञ नोंद केली आहे. आपल्या मंडळाच्या वाचनालयात रविवारी मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांना हे वाचून बरे वाटेल.

१८७० नंतरच्या दशकातील भीषण दुष्काळाने या कुटुंबाचा घास घेतला. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरले ते भाऊ श्रीनिवास आणि रमा. व्रते, दाने, अनुष्ठाने सारी यथासांग करूनही देवाने आपल्याला उपाशी का ठेवले, हा प्रश्न त्या तरुण मनात तेव्हाच शिरला असला पाहिजे. दोघे बहीणभाऊ पायी फिरत फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितसभेने या वीस वर्षांच्या मराठी मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ज्या विद्येचा स्त्रियांना अधिकार नाही असे सांगितले जाई, त्याच विद्येने तिला वंगदेशी मानाचे आसन मिळवून दिले. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदाची प्रत दिली आणि ती वाचण्यास सुचविले.

कलकत्त्यातच एका ख्रिस्ती मेळाव्यात या बहीणभावांना बायबलचे संस्कृत भाषांतर भेट मिळाले. संस्कृत म्हणजे रमाबाईंची जणू दुसरी मातृभाषाच. त्यांनी ते उघडले. पण त्यातील संस्कृत त्यांना परिचित असलेल्या संस्कृताहून इतके वेगळे वाटले, की हे वाचण्यात वेळ दवडण्यात अर्थ नाही, असे ठरवून त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले. ज्या ग्रंथासाठी पुढे त्यांनी आयुष्याची अखेरची अठराएक वर्षे वेचली, त्याच्याशी त्यांची पहिली गाठ ही अशी पडली. विद्वानांच्या भाषेत आलेला तो ग्रंथ एका श्रेष्ठ विदुषीच्याही अंतःकरणापर्यंत पोहोचू शकला नाही.

१८८० साल रमाबाईंच्या आयुष्यात उलथापालथ करून गेले. भाऊ श्रीनिवास ढाक्यास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चर येथे संसार सुरू झाला. पतीच्या पुस्तकसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. हे लहानसे पुस्तक त्यांनी आवडीने वाचले. संस्कृतात जे दूरचे वाटले, ते बोलीच्या बंगालीत जवळ आले. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबूंना नेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. हाती दहा महिन्यांची मुलगी आणि जवळचे असे कोणी नाही.

त्या पुण्यास आल्या. ज्या भूमीची भाषा त्या जन्मभर बोलत आल्या, तेथे त्यांचे खऱ्या अर्थाने पहिलेच वास्तव्य. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्रीडॉक्टर तयार करण्याची गरज मांडली. ही साक्ष त्यांनी मराठीत दिली. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, अशी त्यांची स्वतःचीही इच्छा होती. इंग्लंडला जाण्यासाठी लागणारा पैसा काही अंशी पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला. तिकडे वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे राहावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावयाची, असे ठरले. १८८३ साली त्या कन्येसह निघाल्या.

इंग्लंडमधील पहिले दिवस सुखाचे नव्हते. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. रमाबाईंच्या कमी झालेल्या श्रवणशक्तीमुळे वैद्यकीचा मार्गही बंद झाला. याच काळात लंडनजवळील फुलहॅम येथे, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना भगिनी आश्रय देतात व मायेने वागवितात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेला संवाद त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानात वाचला. फुलहॅम येथे पाहिलेले आणि पुस्तकात वाचलेले त्यांच्या मनात एकत्र आले. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले मराठी पंडित १८४८ साली ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या लिखाणाचाही रमाबाईंच्या विचारांवर मोठा परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता पुण्यात पोहोचली तेव्हा त्यांचे कौतुक करणारेही खिन्न झाले. पोटच्या लेकीने घर सोडून जावे, तसे दुःख अनेकांना झाले. ते दुःख खोटे होते, असे आम्ही म्हणणार नाही. परक्या राज्यसत्तेखाली भरडलेल्या समाजाला, त्याच सत्तेच्या धर्मात आपली सर्वांत विद्वान कन्या गेलेली पाहून अपमान वाटणे स्वाभाविक होते. पण त्याच वेळी वाँटेजच्या मठात आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात काय चालले होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. रमाबाई नव्या धर्मात गेल्या त्या मान खाली घालून गेल्या नाहीत. भगिनींनी त्यांना गळ्यात घालण्यासाठी क्रूस दिला. त्यावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. रमाबाईंनी आक्षेप घेतला. लॅटिन भाषा आपल्या देशबांधवांना परकी आहे आणि संस्कृताहून ती अधिक पवित्र आहे असे मानण्यास काही आधार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा विषय निघाला असता हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली, तेव्हा आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभेत उघड बोलत आलो आहोत, याचे स्मरण रमाबाईंनी त्यांना करून दिले. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या मोकळेपणी शंका घेत. स्वदेशी पंडितांची सत्ता त्यांनी मानली नाही आणि विलायती धर्मगुरूंचीही मानली नाही. धर्माचा विषय आपल्या बुद्धीला पटेल आणि आपल्या जिभेला बोलता येईल अशा रीतीने यावा, हा त्यांचा हट्ट तेव्हापासूनचा आहे.

१८८६ साली नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या त्या जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ साली लिहिलेले इंग्रजी पुस्तक गाजले, आणि त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या नियोजित कार्यास दहा वर्षे मदत करण्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. फ्रबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षणही त्यांनी तेथेच घेतले.

त्यांच्या अमेरिकेच्या मुक्कामाचे एक फळ आपल्या वाचकांनी अवश्य पाहावे असे आहे. १८८९ साली प्रसिद्ध झालेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. नवे जग म्हणजे काय, हे ज्यांनी समुद्र ओलांडला नाही अशा मराठी स्त्रीपुरुषांना समजावे म्हणून हा खटाटोप होता. तेथील राज्यव्यवस्था, घरगुती चालीरीती, शाळा, वर्तमानपत्रे, स्त्रियांच्या संस्था आणि मद्यपानविरोधी चळवळ हे सारे त्या सांगतात. आणि ते सांगताना आपल्याकडील परिस्थितीशी ताडून पाहतात. त्यांना अमेरिकेचे कौतुक होते. पण डोळे झाकलेले नव्हते. काळ्या लोकांना मिळणारी वागणूक आणि तद्देशीय इंडियनांवर झालेला अन्याय त्यांनी झाकून ठेवला नाही. स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारा समाज त्या त्याच्याच धर्माच्या मापाने मोजतात आणि जेथे उणा पडतो तेथे तसे सांगतात. आधुनिक संस्कृतीकडे भारावून अथवा भेदरून न पाहता, तिची उलटतपासणी मराठीत करणारे हे एक आरंभीचे आणि महत्त्वाचे पुस्तक होय.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. याच गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या व पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. महर्षी कर्व्यांच्या कार्याचे मूळ शोधू गेल्यास त्याचा एक धागा शारदा सदनापर्यंत जातो, हे अनेकांस ठाऊक नसते.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलले आणि तेथे वादळ उठले. सदनात धर्मोपदेश होणार नाही, या समजुतीवर हिंदू सुधारकांनी पाठिंबा दिला होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंच्या मते आपण कोणास बोलाविले नाही आणि आलेल्यास हाकलणे आपले काम नव्हे. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांच्या मते अजाण मुलींच्या बाबतीत उघडे दार हेही बोलावणेच होते. ‘केसरी’ने कठोर टीका केली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात कोणा एका पक्षास लबाड ठरविणे आम्हांस योग्य वाटत नाही. सल्लागारांना दिलेल्या शब्दाची चाड होती, आणि रमाबाईंना आपली श्रद्धा दाराआड लपवून ठेवणे मान्य नव्हते. दोन्ही बाजूंच्या मंडळींनी विधवांच्या हितासाठी खस्ता खाल्ल्या होत्या, आणि तरीही त्यांची फारकत झाली. हा आपल्या सामाजिक इतिहासातील एक दुःखद प्रसंग होय.

यानंतर रमाबाईंचा मार्ग निराळा झाला. पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. आपल्या आईवडिलांना दुष्काळाने कसे नेले, ते त्या विसरल्या नव्हत्या. भुकेलेल्या शेकडो मुली व विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाल्याने ही सारी मंडळी केडगावी वसली. याच प्लेगच्या काळात सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी हेळसांड झाली तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले, आणि त्याचे पडसाद विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत उमटले. ख्रिस्ती झालेली स्त्री सरकारची भाट होते, हा समज त्यांच्या बाबतीत तरी टिकत नाही. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडित मुलींची भर पडली आणि मुक्ती सदनातील स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. फसविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले; फुलहॅम येथे जे पाहिले होते त्याचे हे मराठी रूप. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय झाली. शेती, विणकाम, तेलघाणा, दुग्धालय आणि छापखाना हे सारे उद्योग बायकांच्या हातांनी चालू लागले.

हा संसार उभा करताना रमाबाईंपुढे जो प्रश्न पडला त्याकडे आता वळू. मुक्ती सदनात आलेल्या बहुसंख्य मुली खेड्यापाड्यांतल्या आणि निरक्षर होत्या. त्यांना धर्म सांगावयाचा तर कोणत्या शब्दांत? मराठीत बायबल नव्हते असे नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८११ सालीच मराठी नवा करार छापला होता. म्हणजे या ग्रंथाचा मराठी अवतारही महाराष्ट्राबाहेरच जन्मला! पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी नवी भाषांतरे केली व ती सुधारली. पण रमाबाईंच्या मते त्यांची भाषा संस्कृतप्रचुर आणि पुस्तकी होती. सदनातील मुली ते वाचून दाखविले तरी समजू शकत नसत. स्वतः रमाबाईंना कलकत्त्यात संस्कृत बायबल हाती घेतल्यावर जे वाटले होते, तेच या मुलींना मराठी बायबल ऐकून वाटत होते. फरक एवढाच की रमाबाईंनी ते पुस्तक आपल्या मर्जीने मिटले होते, आणि या मुलींसाठी ते कधी उघडलेच नव्हते.

वयाच्या सत्तेचाळिशीच्या सुमारास रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकू लागल्या. दोन हजार माणसांच्या जेवणाची, कपड्यांची, आजारपणाची चिंता वाहणारी, कानांनी अधू झालेली ही स्त्री कोश आणि व्याकरणे उघडून बसे आणि प्रत्येक शब्दासाठी साधा मराठी शब्द शोधी. शास्त्रार्थाने जड झालेले, शतकानुशतकांच्या अर्थांचे थर चढलेले शब्द शक्य तो टाळावेत. घरात, शेतात, पाणवठ्यावर बायका जे बोलतात ते घ्यावे, अशी त्यांची धारणा होती. छापखान्यात खिळे जुळविण्याचे, छापण्याचे, बांधणीचे काम सदनातील मुलीच करीत. ज्यांनी काही वर्षांपूर्वी अक्षर पाहिले नव्हते त्यांच्या बोटांखालून हा ग्रंथ अक्षर-अक्षराने उभा राहिला. जगात बायबलची असंख्य भाषांतरे झाली आहेत; पण एका स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण ग्रंथ भाषांतरित करावा आणि स्त्रियांनीच तो छापावा, असे उदाहरण विरळाच.

या भाषांतराचे मूल्यमापन निर्भेळ स्तुतीने करता येणार नाही. संस्कृत शब्द टाळण्यामागे केवळ सुबोधतेची ओढ नव्हती. जुन्या धर्माच्या कल्पना नव्या धर्मात शिरू नयेत, ही चिंताही होती. रमाबाईंचेच समकालीन रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १८९५ साली ख्रिस्ती झाले; त्यांनी नेमका उलट मार्ग धरला. अभंग, भजन, कीर्तन हा संतांचा सारा ठेवा त्यांनी उराशी धरला आणि ख्रिस्ताला मराठी भक्तीच्या अंगणात आणले. टिळकांची गीते आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात, आणि रमाबाईंचे बायबल थोड्यांच्या हाती राहिले; प्रचारात बायबल सोसायटीची भाषांतरेच टिकली. शब्दावर साचलेला अर्थ खरवडून काढू पाहणाऱ्या लेखकास वाचक बहुधा साथ देत नाहीत, कारण त्या साचलेल्या अर्थातच त्यांच्या आठवणी असतात. रमाबाईंनाही ते पूर्णपणे साधले नाही. ‘शारदा’, ‘कृपा’, ‘मुक्ती’ ही त्यांनीच आपल्या संस्थांना दिलेली नावे पाहा. आईच्या मांडीवर पहाटे ऐकलेले शब्दच शेवटी त्यांच्या मदतीस आले.

तरीही या कामाची थोरवी कमी होत नाही. जिने पंडितांच्या सभेत अस्खलित संस्कृत बोलून पदव्या मिळविल्या, तिने आपल्या विद्येचा शेवटचा उपयोग असा केला, की जिला काहीच येत नाही अशा बाईलाही समजावे. केडगावच्या प्रार्थनामंदिराची व्यवस्थाही याच धोरणाची होती. ते कोणत्याही एका विलायती पंथाला बांधलेले नव्हते. बाया जमिनीवर बसत. १९०५ साली तेथे भक्तीची मोठी लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. काही मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. भारतीय स्त्रियांनी आपली भावना आपल्या रीतीने व्यक्त करावी, पाश्चात्यांच्या शिस्तीचे माप तिला लावू नये, असे रमाबाईंचे उत्तर होते. वीस वर्षांपूर्वी वाँटेजच्या मठात लॅटिन अक्षरांच्या क्रुसावर त्यांनी घेतलेल्या आक्षेपाचाच हा पुढला भाग होता.

अखेरची वर्षे कठीण गेली. जिला कडेवर घेऊन त्यांनी सिल्चर सोडले, जी त्यांचा उजवा हात झाली, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. संस्थेचा भार जिच्या खांद्यावर सोपवावयाचा, तीच आधी गेली. रमाबाईंनी काम थांबविले नाही. जुन्या कराराची प्रुफे तपासणे चालू होते. ते काम हातावेगळे होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी त्यांची प्रार्थना होती आणि ती फळास आली, असे सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले. लेखिकेने ते बांधलेल्या रूपात पाहिले नाही.

१९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे. मात्र मराठी घरांतून त्यांची पुस्तके फारशी दिसत नाहीत. त्यांनी धर्म सोडला म्हणून आपण त्यांची मराठीही सोडली. वस्तुतः त्या मराठी सोडून कधी गेल्याच नव्हत्या. गंगामूळच्या रानातून, सिल्चरच्या संसारातून, वाँटेजच्या मठातून आणि अमेरिकेच्या सभागृहांतून ही भाषा त्यांनी सोबत नेली, आणि जे नवे पाहिले ते तिच्यात सांगण्याचा यत्न केला. त्यांच्या श्रद्धेशी आपण सहमत असू वा नसू, जे आपल्याला मोलाचे वाटते ते आपल्यातल्या अगदी साध्या माणसाला समजेल अशा मराठीत सांगता येणे, ही कसोटी त्यांनी घालून दिली आहे. परप्रांतात वाढणाऱ्या मुलांशी बोलताना ती आपणा सर्वांना रोज द्यावी लागते. या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही त्या थोर विदुषीच्या स्मृतीस आदरपूर्वक वंदन करतो.